थकबाकी आईवडिलांची, ताट मुलाचे

अमेरिकेतील एका उपनगरात राहणाऱ्या वाचक आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.

पतीपत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी असे हे चौघांचे कुटुंब आहे. पतीपत्नी दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. आठ महिन्यांपूर्वी पतीची आयटीतील नोकरी गेली. सध्या ते एका गोदामात तासाच्या हिशेबाने काम करतात आणि पत्नी एका पाळणाघरात अर्धवेळ काम करते. मुलगा चौथीत आहे. पूर्वी तो घरचा डबा नेत असे, पण मुले डब्याच्या वासावरून बोलू लागल्यामुळे गेल्या वर्षापासून तो शाळेतच जेवू लागला. जेवणाच्या खात्यातील पैसे संपल्याच्या सूचना पतीच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि थकबाकी सत्तर डॉलरच्या पुढे गेली. एके दिवशी गल्ल्यावरील बाईंनी मुलाच्या हातातले गरम जेवणाचे ताट काढून घेतले, ते त्याच्यादेखत कचऱ्यात टाकले आणि त्याला चीजचे थंड सँडविच दिले. त्यानंतर तीन आठवडे तो दुपारी काहीच खात नव्हता आणि घरी मात्र "जेवलो" असे सांगत होता. हे सारे आईला कळले ते मुलाच्या मित्राच्या आईकडून. पती म्हणतात की पैसे भरून टाकू, उद्यापासून डबा देऊ आणि विषय मिटवू. सवलतीच्या जेवणासाठी उत्पन्नाचा फॉर्म भरायला त्यांचा ठाम विरोध आहे, कारण "आपण अजून तेवढे खाली आलेलो नाही", शिवाय पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. मराठी मंडळातील एक मैत्रीण थकबाकी भरायला तयार आहे. वाचक आई विचारते, "चूक आमचीच आहे, मग शाळेला बोलण्याचा आम्हाला काय अधिकार? आणि मुलाला खोटे बोलण्याची सवय लागते आहे, ती कशी मोडू?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण मला वाटते की बाकीचे प्रश्न त्यातच अडकले आहेत. मुलगा तुमच्याशी खोटे बोलला हे खरे आहे, पण त्यातून त्याला काय मिळाले याचा थोडा विचार करून पाहा. त्याला खाऊ मिळाला नाही, खेळायला जास्त वेळ मिळाला नाही. त्याच्या वाट्याला आली ती रोजची भूक. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की मुले झोपल्यावर तुम्ही दोघे स्वयंपाकघरात पैशांचा हिशेब करत बसता आणि कधीकधी आवाज चढतो. नऊ वर्षांची मुले आपण समजतो तेवढ्या लवकर झोपत नाहीत. घरात कानावर पडलेले आणि शाळेत अनुभवलेले त्याने मनातल्या मनात जोडले असेल आणि आईबाबांना आणखी एक काळजी नको म्हणून तो गप्प राहिला असेल. हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचाही असू शकेल. परंतु सवय मोडण्याच्या इराद्याने त्याच्याशी बोलायला बसलात, तर दुखऱ्या जागेवरच पुन्हा बोट पडेल. म्हणून तूर्त 'खोटे' हा शब्द बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे.

त्याने ते सँडविच तरी का खाल्ले नाही, असेही तुम्ही विचारले आहे. चीज, पाव, फळ आणि दूध एवढे दिले तर पोट भरते, कागदोपत्री पोषणही होते. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाला ते सँडविच कोणाला मिळते हे ठाऊक असते. एका दिवसाची उपासमार मूल विसरू शकेल. आपल्या हातातले ताट सगळ्यांसमोर काढून घेतले गेले आणि ते जेवण दुसऱ्या कोणाच्याही मुखात न जाता कचऱ्यात गेले, हे पाहिलेले मूल सहजासहजी विसरत नाही. एकदा वाढलेले ताट दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे ते टाकून देण्याने शाळेचा एक सेंटही वाचला नाही. त्यातून साधले ते एवढेच की मूल दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिले नाही. दुपारी रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाचे गणिताकडे लक्ष लागत नाही, डोके दुखते, चिडचिड होते, आणि घरी आल्यावर ते अधाशासारखे खाते. ही लक्षणे तुम्ही पत्रात स्वतःच लिहिली आहेत. तुम्ही त्यांचा संबंध परीक्षेच्या ताणाशी लावला होता, एवढेच.

आता "चूक आमचीच" या वाक्याकडे येऊ. ईमेल बदलायचे राहून गेले, ही चूक तुमची आहे, आणि ती तुम्ही प्रांजळपणे मान्य केली आहे. पैसे देणे लागता, तेही खरे. परंतु या एका वाक्यात तुम्ही दोन वेगळे व्यवहार एकत्र केले आहेत. थकबाकी हा तुमच्यातील आणि शाळेतील, म्हणजे मोठ्या माणसांमधील व्यवहार आहे. ताट काढून घेणे हा शाळेने एका मुलाशी केलेला व्यवहार आहे. पहिल्यात तुम्ही देणेकरी आहात म्हणून दुसऱ्याविषयी बोलण्याचा तुमचा हक्क जात नाही. घरभाडे थकले तर घरमालक आपल्याला नोटीस देतो. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातातला चेंडू तो काढून घेत नाही, आणि त्याने तसे केले तर आपण गप्प बसणार नाही.

शाळेची अडचणही समजून घ्यायला हवी, कारण त्याशिवाय तुमचे बोलणे योग्य ठिकाणी पोहोचणार नाही. १९४६ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय शालेय भोजन कार्यक्रमात प्रत्येक ताटामागे केंद्र सरकार शाळेला पैसे देते; पण पालकांची बुडीत थकबाकी त्या भोजन खात्यातून भरून काढण्याची परवानगी शाळांना नाही. ती रक्कम शालेय जिल्ह्याला, म्हणजे त्या भागातील शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला, आपल्या सर्वसाधारण निधीतून किंवा देणग्यांमधून उभी करावी लागते. त्यामुळे थकबाकी वाढू लागली की स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांवर वरून दबाव येतो आणि तो सरकत सरकत गल्ल्यावरील बाईंपर्यंत, तेथून मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो. हा कार्यक्रम चालवणाऱ्या केंद्रीय कृषी खात्याने २०१६ मध्ये सूचना काढून १ जुलै २०१७ पर्यंत प्रत्येक जिल्ह्याला या थकबाकीविषयी लेखी धोरण करायला लावले, मात्र त्या धोरणात काय असावे हे बहुतांशी जिल्ह्यांवर सोडले. म्हणूनच कोठे मुलाला नेहमीचेच जेवण मिळते आणि पालकांना फोन जातो, तर कोठे थंड सँडविच मिळते. पेनसिल्व्हेनियातील वायोमिंग व्हॅली वेस्ट या शालेय जिल्ह्याने २०१९ मध्ये थकबाकीदार पालकांना पत्र लिहून मुले सरकारी देखरेखीखाली जाऊ शकतील असे बजावले होते. त्यावर देशभर संताप उसळला. त्याआधी, २०१७ मध्ये, न्यू मेक्सिकोने थकबाकीपायी मुलांना लाजवण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि त्यापाठोपाठ इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले.

यातील एक विसंगती मला फार खुपते. मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणारे मूल कोणते, हे इतर मुलांना कळू देण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे. त्यांची रांग वेगळी नसते, ताट वेगळे नसते, रंगीत कूपन नसते. फॉर्म भरलेल्या गरीब घरच्या मुलाची अब्रू कायदा राखतो, आणि फॉर्म न भरलेल्या, पण अडचणीत आलेल्या घरच्या मुलाच्या हातात मात्र सर्वांना ओळखू येणारे सँडविच पडू शकते. तुमच्या यजमानांना फॉर्म भरण्यात नामुष्की वाटते; प्रत्यक्षात फॉर्म न भरल्यामुळे मुलाच्या वाट्याला ती आली. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आपण खाली आलो नाही असे स्वतःला रोज सांगावे लागते, आणि गोदामात उभ्याने पाळी करून आलेल्या माणसाला फॉर्म पुढे करणे सोपे नाही. पण त्यांच्या नकारामागील समजुती एकेक करून तपासता येतील.

पहिली समजूत अशी की हे जेवण 'फुकटचे' आहे. पूर्ण किंमत देऊन जेवणाऱ्या मुलाच्या ताटातही सरकारचे थोडे पैसे असतात. म्हणजे तुमचा मुलगा पैसे भरून जेवत होता तेव्हाही ते जेवण पूर्णपणे तुमच्या खिशातले नव्हते, आणि यजमान इतकी वर्षे जो कर भरत आले, त्यातूनच तो कार्यक्रम चालतो. आपल्याकडेही हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात शाळेत मिळालेली सुकडी माझ्या पिढीतील अनेकांनी खाल्ली आहे, मीही खाल्ली आहे. त्यावेळी ती भीक आहे असे कोणी आम्हाला शिकवले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि आज जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीसाठी बसलेल्या पंगतीत कोणाच्या बापाचे किती उत्पन्न हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतही मार्च २०२० पासून २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत, महामारीच्या काळात, जवळजवळ सर्व शाळांत सर्व मुलांना जेवण मोफत होते. तेव्हा तुमच्या ओळखीतील किती मराठी घरांनी ते नाकारले होते, हे यजमानांना हळूच विचारून पाहा.

दुसरी समजूत उत्पन्नाविषयी आहे. अनेक जण गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमधील आकडा डोळ्यांसमोर ठेवून आपण सवलतीत बसणार नाही असे ठरवून टाकतात. फॉर्मवर सध्याचे उत्पन्न विचारलेले असते, तेही कर कापण्यापूर्वीचे. २०२५-२६ या शालेय वर्षासाठी, अलास्का आणि हवाई वगळता, चौघांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४१,७९५ डॉलरपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि ५९,४७८ डॉलरपर्यंत असेल तर सवलतीचे, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. काही राज्यांची मर्यादा याहून वर आहे. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो असेही नाही. उत्पन्न घटले की वर्षात केव्हाही करता येतो आणि शाळेच्या कामकाजाच्या दहा दिवसांत त्यावर निर्णय द्यावा लागतो. पूर्ण घरासाठी एकच अर्ज पुरतो. काही थोड्या अर्जांची पडताळणी होते, म्हणून आकडे खरे लिहा आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आधीची थकबाकी मात्र अर्ज मंजूर झाला तरी पुसली जात नाही. म्हणून हा फॉर्म आज रात्रीच भरावा, असे मी सांगेन.

तिसरी समजूत नागरिकत्वाची, आणि ही भीती फक्त तुमच्या घरात नाही. हा फॉर्म कोणाच्याही इमिग्रेशनच्या स्थितीविषयी विचारत नाही. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतो, आणि क्रमांक नसेल तर तसे नमूद करण्याची सोय त्यावर असते. 'पब्लिक चार्ज'च्या, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा अर्जदाराला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या, २०१९ च्या कडक नियमातही शाळेतील जेवण मोजले जात नव्हते आणि २०२२ च्या नियमातही ते नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्या वाचकांनी, नियम बदलत असल्यामुळे, आपल्या वकिलांना एकदा विचारून घ्यावे. पण मंडळात ऐकलेल्या गोष्टींवर विसंबून मुलाला उपाशी ठेवू नये.

मैत्रिणीच्या मदतीविषयी तुम्ही संकोचाने विचारले आहे. मदत घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. उसने म्हणून घ्या, सवडीने परत करा. पण तिला आणि मंडळाला एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि त्यासाठी मिनेसोटाचे उदाहरण देते. तेथील सेंट पॉल शहरातील एका माँटेसरी शाळेत फिलँडो कॅस्टील हे भोजनगृहाचे पर्यवेक्षक होते. पैसे कमी पडलेल्या मुलांचे जेवण ते अनेकदा स्वतःच्या खिशातून भरत. जुलै २०१६ मध्ये एका पोलिसाने गाडी थांबवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने लोकांनी निधी उभारला आणि सेंट पॉलमधील मुलांची जेवणाची थकबाकी फेडली. इतके मोठे मन लोकांनी दाखवले. तरीही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तेथून जवळच असलेल्या रिचफील्डच्या शाळेत, पंधरा डॉलरहून अधिक थकबाकी असलेल्या मुलांची गरम जेवणाची ताटे कचऱ्यात टाकली गेली आणि शाळेला माफी मागावी लागली. देणगीने त्या महिन्याचे खाते मिटते, पण पुढच्या महिन्यात नवे खाते उघडते आणि धोरण तेच राहते. ती मुले रांगेत निर्धास्त झाली ती २०२३ मध्ये, जेव्हा मिनेसोटाने सर्वच मुलांना जेवण मोफत देण्याचा कायदा केला. कॅलिफोर्निया, मेन, कोलोराडो, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स यांनीही असे कायदे केले आहेत. म्हणून गणपतीच्या वर्गणीतून थकबाकी फेडणाऱ्या मंडळाचे मी कौतुकच करीन, पण त्याच मंडळातील दोन जणांनी शिक्षण मंडळाच्या बैठकीत तीन मिनिटे उभे राहून बोलावे असेही म्हणेन. ज्या शाळांत गरजू कुटुंबांचे प्रमाण बरेच आहे, तेथे अर्जच न घेता सर्वांना मोफत जेवण देण्याची केंद्रीय तरतूद आहे, आणि तिची किमान अट २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली गेली. आपली शाळा त्यात बसते का, हा प्रश्न त्या बैठकीत विचारण्यासारखा आहे.

आता शाळेला काय लिहायचे? मुख्याध्यापकांना आणि भोजन विभागाच्या संचालकांना एकच छोटे पत्र लिहा, आणि ते यजमानांनी व तुम्ही दोघांनी सही करून पाठवा. थकबाकी मान्य करा आणि ती किती हप्त्यांत फेडणार ते सांगा. अनेक जिल्हे हप्ते मान्य करतात. त्यानंतर त्या दिवशी काय घडले ते विशेषणे न लावता लिहा, आणि जिल्ह्याच्या लेखी धोरणाची प्रत मागा. राज्यात मुलांना लाजवण्याविरुद्ध कायदा असेल तर त्याचा उल्लेख करा. शेवटी स्पष्ट मागणी करा: यापुढे पैशांविषयीचे प्रत्येक बोलणे आमच्याशी व्हावे, मुलाशी नको, त्याच्या हातात चिठ्ठी नको, रांगेत आठवण नको, गल्ल्यावर त्याचे नाव घेऊन शिल्लक सांगणे नको. गल्ल्यावरील बाईंविरुद्ध तक्रार करू नका. नियम त्यांनी केलेला नाही, आणि अनेक ठिकाणी अशा बायकांनीच आपल्या तुटपुंज्या पगारातून मुलांची ताटे सोडवली आहेत.

अर्ज मंजूर होईपर्यंत एक नियम लक्षात ठेवा. मुलाच्या हातात त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे रोख असतील, तर मागे कितीही थकबाकी असली तरी त्याला जेवण द्यावेच लागते, आणि जेवणासाठी आणलेले ते पैसे शाळेला जुन्या थकबाकीत वळवता येत नाहीत. ऑनलाइन पैसे भरताना दर वेळी वेगळे शुल्क लागत असेल, तर शाळेत रोख किंवा चेकने विनाशुल्क भरण्याची सोय विचारा. थोडेथोडे पैसे वारंवार भरणाऱ्या घरांना ते शुल्क फार महाग पडते. सूचना दोघांच्याही फोनवर येतील अशी व्यवस्था करा आणि जेवणाव्यतिरिक्त चिप्स, कुकीज यांवर खर्च होऊ नये म्हणून खात्यावर मर्यादा घाला.

डब्याविषयी यजमानांचे मत मला चुकीचे वाटत नाही, फक्त त्याची वेळ चुकते आहे. घरचा डबा उत्तमच. परंतु आज अचानक डबा हातात दिलात, तर मुलाला त्याचा अर्थ एवढाच कळेल की शाळेच्या जेवणाची आपली ऐपत राहिली नाही. त्यात वासावरून चिडवण्याची जुनी जखम आहेच. म्हणून आधी त्याला मित्रांसोबत नेहमीचे ताट घेऊन दोन-तीन आठवडे जेवू द्या. मग त्यालाच विचारा की आठवड्यातून कोणते दिवस डबा न्यायला आवडेल आणि त्यात काय हवे. पराठ्याचा रोल की शाळेचा पिझ्झा, हे त्याला ठरवता आले तर डबा त्याचा राहील.

आणि त्याच्याशी बोलायचे ते तुम्ही एकटीने नको. त्याच्या बाबांनी बोलावे, तुम्ही शेजारी बसा. फार लांबण लावू नका. "तुझ्या जेवणाचे पैसे भरायचे काम आमचे होते, ते आमच्याकडून राहिले. त्यात तुझी काही चूक नव्हती. शाळेने तुझे ताट घ्यायला नको होते, ते आम्ही त्यांना लिहून कळवले आहे. आपल्याकडे सध्या पैसे कमी आहेत हे खरे आहे, पण जेवणापुरते आहेत, आणि त्याची काळजी आम्ही दोघे करतो." एवढे पुरे. तो कदाचित काहीच बोलणार नाही, किंवा एकदम दुसराच विषय काढेल; त्याला तसे करू द्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर "जेवलास का?" असे न विचारता "आज जेवायला काय होते?" असे विचारा, आणि तो सांगेल ते शांतपणे ऐका.